प्रेशर वॉशर घेताय? आधी लक्ष्मणराव किर्लोस्करांना भेटा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की मोबाईलवर त्या रील्स हमखास यायला लागतात. काळ्या पडलेल्या फरशीवरून पाण्याचा पातळ फवारा फिरतो आणि मागे नवीकोरी फरशी उघडी पडते. बघायला भारी वाटतं. मग नांदेड-लातूरकडच्या वाचकांचा ठरलेला प्रश्न येतो: अंगण, गेट, बाईक आणि गच्ची धुवायला प्रेशर वॉशर घ्यायचाय, तर १३० बारचा घेऊ की १५० बारचा?

बारचा हिशोब पुढे सांगतोच. पण आधी तो पिवळा-काळा-निळा डबा मनातल्या मनात उघडून बघा. आत मुख्य वस्तू दोनच, एक मोटर आणि एक पंप. बाकी पाईप, गन, नोझल, चाकं. म्हणजे प्रेशर वॉशर घेणं म्हणजे पंप घेणं. आणि आपल्याकडे पंप म्हटलं की विहिरीवरच्या मशीनवर लिहिलेलं एक आडनाव आपोआप डोळ्यांसमोर येतं. त्या आडनावाच्या मूळ माणसाची ही गोष्ट आहे. (जाहिरात नाही. लक्ष्मणरावांनी प्रेशर वॉशर कधी पाहिलाही नसेल.) पण नवीन यंत्र घेताना गिऱ्हाईक कशाला घाबरतं आणि त्याने खरं तर कशाला घाबरायला हवं, हे या माणसाला फार लवकर कळलं होतं.

चित्रकार व्हायला गेलेला मुलगा

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरात यंत्राचा वारा नाही. शाळेच्या पुस्तकांत मुलाचं मन लागेना, त्याला दोनच गोष्टी आवडायच्या, चित्रं काढणं आणि वस्तू उघडून बघणं. १८८५ मध्ये तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. वडिलांना हे पसंत नव्हतं, थोरले भाऊ रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले.

दोन वर्षांनी कळलं की त्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंगांधळेपणा. चित्रकाराच्या दृष्टीने विषय संपला. आपण असतो तर बॅग भरून गावी आलो असतो. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघा धरल्या. यंत्रांची रेखाचित्रं काढायला रंग लागत नाहीत, नजर आणि माप लागतं. त्या जोरावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचं व्हीजेटीआय) शिकवायला लागले. तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रं खोलायची, जोडायची, परदेशी तांत्रिक मासिकं वाचायची, असं त्यांचं खरं शिक्षण झालं. यूट्यूबवर बघून मोबाईल दुरुस्त करायला शिकलेल्या कोणालाही हा माणूस जवळचा वाटेल.

मुंबईत असतानाच, १८८८ मध्ये, किर्लोस्कर बंधूंचा पहिला धंदा सुरू झाला, सायकलींचा. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात विकायचे. पण नुसत्या विकून कसं चालेल? बेळगावात सायकल चालवता येणारी माणसंच नव्हती. मग रामूअण्णा सायकल चालवायला शिकवायचेही आणि दुकानात दुरुस्तीही व्हायची. विकणं, शिकवणं, दुरुस्त करणं, तिन्ही एका छपराखाली. ही गोष्ट लक्षात ठेवा. आज ऑनलाईन मागवलेल्या प्रेशर वॉशरबरोबर यातली फक्त पहिली गोष्ट घरी येते.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

लोखंडाने जमीन विषारी होते म्हणे

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आज लोखंडी नांगर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण तोवर आपल्याकडे लाकडी नांगर होता. तो जमीन उकरतो, उलथत नाही. आमच्या मराठवाड्यातल्या काळ्या मातीत हरळी आणि कुंदा एकदा रुजला की लाकडी नांगराला दाद देत नाही, हे जुन्या शेतकऱ्यांना विचारा. लोखंडी नांगर मातीचा थर उचलून पालथा घालतो. कामाची वस्तू होती, यात शंका नाही.

तरी विकला जाईना. शेतकऱ्यांमध्ये समज असा की लोखंड लागलं की जमिनीत विष भिनतं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! माल तयार, भांडवल अडकलेलं आणि गिऱ्हाईक लांबून बघून निघून जातंय.

शेतकऱ्यांना हसू नका. त्यांचा प्रश्न चुकीच्या शब्दांत होता, पण मुळात खरा होता: मोडलं तर मी काय करू? लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार संध्याकाळपर्यंत उभा करून द्यायचा. लोखंडी नांगराचा फाळ पेरणीच्या तोंडावर झिजला तर? बेळगावला पत्र पाठवायचं आणि उत्तराची वाट बघायची? जुन्या वस्तूच्या मागे अख्खं गाव उभं होतं, नव्या वस्तूच्या मागे फक्त एक कारखानदार. जेव्हा काही शेतकऱ्यांनी हिंमत करून नांगर नेला, शेजारच्यांनी बांधावरून तो चालताना पाहिला आणि जमीन काही मेली नाही, तेव्हा कुठे मागणी सुरू झाली.

आपण मात्र नेमकं उलटं करतो. मशीन दहा मिनिटांत ऑर्डर करतो आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे हे बंद पडल्यावर शोधतो. प्रेशर वॉशरमध्ये सगळ्यात आधी जातात ती सील, ओ-रिंग आणि छोटे व्हॉल्व्ह. काही शेकड्यांची वस्तू असते. पण ती नांदेड-लातूरात मिळत नसेल तर काही हजारांचं मशीन माळ्यावर जातं. म्हणून घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारायचं, या मॉडेलची सील किट आत्ता दाखवता का? नुसतं मिळेल म्हणाला तर चालणार नाही, डोळ्यांनी बघायची. आपल्या गाड्या धुण्याच्या सेंटरवर पट्ट्यावर चालणारे ते दणकट पितळी एचटीपी पंप वर्षानुवर्षं का टिकतात? ते अमर नाहीत. त्यांचे पार्ट शेतीच्या फवारणीच्या दुकानात मिळतात आणि ते बसवणारा माणूस कोपऱ्यावर बसलेला असतो, एवढंच.

निवडुंगाचा माळ

नांगराचं नाव होऊ लागलं तोच बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली, शहराची वाढ करायची होती. चालता कारखाना उचलून न्यायचा कुठे? मदतीला आले औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. लक्ष्मणरावांनी त्यांच्यासाठी औंधला बांधकाम केलं होतं, ओळख होती. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी कर्ज दिलं.

जमीन कसली, माळ होता. निवडुंग माजलेला, साप फिरणारे, पाण्याची टंचाई. मार्च १९१० मध्ये तिथे काम सुरू झालं आणि माळाचं नाव किर्लोस्करवाडी झालं. कुंडल रोड स्टेशनलाही पुढे तेच नाव मिळालं. आज हे गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे.

इथे लक्ष्मणरावांचा एक गुण दिसतो, जो मला नांगरापेक्षाही मोठा वाटतो. त्यांनी माणसं कागद बघून घेतली नाहीत. शंभूराव जांभेकर यंत्रशाळा सांभाळायचे, के. के. कुलकर्णी विक्रीसाठी गावोगाव फिरायचे, आणि राखणदारीला त्यांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही ठेवलं. गावात अस्पृश्यता पाळायची नाही, हा त्यांचा आग्रह होता. १९१० च्या आसपास, स्वतःच्या वसाहतीत हे करून दाखवणं सोपं नव्हतं.

पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना. कारखाना बंद पडायची वेळ आली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. त्या तोफांचे नांगर झाले. जातिभेद न मानणारा राजा आणि जातिभेद न मानणारा कारखानदार, आणि मधे वितळणाऱ्या तोफा. वेब सीरिजवाल्यांनी अजून हे घेतलं कसं नाही, नवल आहे.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून किर्लोस्कर खबर नावाचं छोटं मासिक निघायला लागलं, पुतणे शंकरराव संपादक. सुरुवातीला कारखान्याची, मालाची, तो वापरणाऱ्यांची माहिती देणारं. त्यातूनच पुढे किर्लोस्कर मासिक, आणि मग स्त्री आणि मनोहर ही मासिकं आली. मराठीत यंत्र समजावून सांगणाऱ्या आमच्यासारख्या सगळ्यांचं खापरपणजोबा ते.

१९२६ चा पंप आणि आजचा डबा

लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव १९२२ मध्ये चुलतभाऊ माधव याच्यासोबत अमेरिकेत एमआयटीला शिकायला गेला. माधव तिकडेच क्षयाने गेला. शंतनुराव १९२६ मध्ये इंजिनीअर होऊन एकटा परतला. त्याच वर्षी किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला, भारतात बनलेल्या अगदी पहिल्या पंपांपैकी एक. मोटेने पाणी काढणाऱ्या देशात नांगरानंतर विहिरीचंच काम करायचं, हा क्रम बरोबरच होता.

आता थोडं तंत्र. सेंट्रिफ्युगल पंपात पंख्यासारखी चकती गरगर फिरते आणि पाणी बाहेर भिरकावते. पाणी भरपूर, दाब बेताचा. विहिरीतून शेतात पाणी आणायला नेमकं हेच पाहिजे. प्रेशर वॉशरमधला पंप वेगळ्या जातीचा. त्यात तिरक्या चकतीवर बहुतेक तीन छोटे दट्टे असतात, ते पुढे-मागे होऊन थोडंसंच पाणी प्रचंड जोराने ढकलतात. सिरिंजसारखं. पाणी कमी, दाब जास्त.

किती जास्त? बाईकच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते. घरचा प्रेशर वॉशर १०० बारच्या आसपास काम करतो. गच्चीवरची टाकी नळापेक्षा ६ मीटर उंच असेल तर नळाला मिळतो जेमतेम ०.६ बार. यावरून अंदाज घ्या, आणि गंमत म्हणूनही ती गन कुणाच्या पायावर, लहान मुलावर किंवा कुत्र्यावर धरू नका. हा फवारा कातडी फाडून आत जाऊ शकतो. मीटर, स्विच बोर्ड, जुनं प्लास्टर आणि शहाबादीच्या सांध्यातलं सिमेंट, यांच्यापासूनही लांब.

आता १३० की १५० बारचा प्रश्न. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ०.६. उत्तर वॉटमध्ये येतं. पाण्याला एवढा जोर द्यायला कमीत कमी एवढी वीज लागणारच. उदाहरणार्थ १०० बार आणि ६ लिटर, म्हणजे ६०० भागिले ०.६, म्हणजे १००० वॉट. मोटर आणि पंपात काही ताकद वाया जाते, त्यामुळे १५०० ते १८०० वॉटची मोटर असेल तर हिशोब जुळतो. आता एखाद्या डब्यावर १५० बार, ८ लिटर आणि १२०० वॉट लिहिलंय समजा. १५० गुणिले ८ भागिले ०.६, झाले २००० वॉट. १२०० वॉटच्या मोटरमधून २००० वॉटचं काम? म्हणजे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळणारच नाहीत. डब्यावर मोठ्या अक्षरात असतो तो कमाल दाब, क्षणभर गाठला जाणारा. आपल्याला हवा कामाचा दाब, तो बारीक अक्षरात किंवा मॅन्युअलमध्ये असतो. अंगण आणि बाईकसाठी कामाचा दाब ९० ते १०० बार भरपूर झाला. बाईकला तर नोझल लांब धरूनच, नाहीतर स्टिकर, रंग आणि बेअरिंगमधलं ग्रीस, तिन्ही जातील.

मोटर दोन प्रकारची येते. कार्बन ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर हलकी, स्वस्त आणि आवाज करणारी. इंडक्शन मोटर जड, महाग, शांत आणि जास्त टिकणारी. महिन्यातून एकदा वापरणार असाल तर पहिली पुरते. रोज गाड्या धुवायचा जोडधंदा डोक्यात असेल तर पहिलीच्या वाटेला जाऊ नका. १८०० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास ८ अँपिअर. तेव्हा अर्थिंग असलेलं १६ अँपिअरचं सॉकेट, आणि टीव्हीची बारीक एक्स्टेन्शन वायर अजिबात नको. व्होल्टेज पडणाऱ्या वस्तीत तर नकोच नको.

पाणी कुठून आणणार?

खरं तर आमच्याकडे सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला हवा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत असताना पाहिलंय. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, १० टाक्या, साधारण ५ लाख लिटर. ते पाणी भरलं होतं मिरजेत, कृष्णेचं. किर्लोस्करवाडी त्याच मिरजेच्या जिल्ह्यात. तिथून सुमारे ३४० किलोमीटर प्रवास करून ते पाणी मांजरा धरण आटलेल्या शहरात आलं. नांदेडची तऱ्हा वेगळी, गोदावरी शेजारी आहे, विष्णुपुरीचा प्रकल्प आहे. तोही शेवटी पंपांनीच नदीचं पाणी वर उचलणारा. तरी उन्हाळ्यात नळ रोज येतोच असं नाही.

मग हिशोब करा. मिनिटाला ६ लिटरचं मशीन अर्धा तास चाललं तर १८० लिटर. साधा पाईप सोडून अर्धा तास अंगण धुतलं तर मिनिटाला १५ लिटरने ४५०. म्हणजे पाईपशी तुलना केली तर मशीन पाणी वाचवतं, हा दावा खरा आहे. पण एका बाईकला मशीनवर १० मिनिटं म्हणजे ६० लिटर, आणि बादली-फडक्याने दोन बादल्या, ३०-४० लिटर. इथे बादली जिंकते. मशीनवाले ही दुसरी तुलना सांगत नाहीत. आणि झाडू आधी मारायचाच. सुकी माती पाण्याने ढकलत बसणं म्हणजे ट्रेनने आलेलं पाणी गटारात घालणं.

बोअरचं पाणी असेल तर आणखी एक गोष्ट. तुमच्या गिझरमध्ये आणि बाथरूमच्या नळावर जो पांढरा थर बसतो, तोच या पंपाच्या व्हॉल्व्हवर बसतो. बोअरमधून बारीक वाळू आली तर ती सील खाते. म्हणून पाणी आत जाते तिथली जाळी दर वेळी काढून धुवा, जमलं तर वेगळा फिल्टर लावा, आणि काम झालं की मशीन बंद करून गन दाबून आतला दाब आणि पाणी काढून टाका. कोरडं मशीन चालवलं तर मिनिटाभरात सील जळू शकतात.

नळाला जोर नसलेल्या घरांनी डब्यावर सेल्फ सक्शन लिहिलंय का ते बघावं. असं मशीन बादलीतून किंवा ड्रममधून स्वतः पाणी ओढतं. दुकानात लाईव्ह डेमो मागा आणि तो नळाला जोडून नव्हे, जमिनीवरच्या बादलीतून मागा. ट्रिगर सोडल्यावर मोटर आपोआप थांबते का, तेही तिथेच दिसेल. बांधावरून नांगर बघणाऱ्या शेतकऱ्याची ही पद्धत अजून जुनी झालेली नाही.

शेवटची वर्षं

किर्लोस्करवाडीत पुढे उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, लोखंडी फर्निचर, असं बरंच काही तयार झालं. १९४० च्या दशकात कारभार शंतनुरावांच्या पिढीकडे गेला, हरिहर, बंगळुरू, पुणे इथे नवे कारखाने उभे राहिले. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत वाडीचा कारखानाही पेटवला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ज्या माळावर त्यांनी निवडुंग तोडून भट्टी उभी केली, तिथे राख पाहायची वेळ आली. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आजही तिथे पंप बनतात.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. २० जून १९६९ ला, जन्मशताब्दीच्या दिवशी, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.